संग्राह्य क्लासिक गाडीचा अस्सलपणा कसा पडताळावा: आधी कागद, मग धातू, रंग सर्वांत शेवटी

जुनी संग्राह्य गाडी घेताना ज्यांची फसगत होते, त्यांतल्या बहुतेकांकडे माहितीची कमतरता नसते. त्यांचा तपासणीचा क्रम उलटा झालेला असतो. गाडी समोर येते, रंग डोळ्यांत भरतो, इंजिनाचा आवाज कानात बसतो आणि विक्रेता जाडजूड फाइल हातात ठेवतो. त्यानंतर खरेदीदार जे पाहतो, ते मनाने आधीच घेतलेल्या निर्णयाला दुजोरा शोधण्यासाठी पाहतो. अशा वेळी चुकीचा क्रमांकसुद्धा बरोबर वाटू लागतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. पहिल्या तीन टप्प्यांत गाडी पाहण्याची गरज नाही आणि ती पाहू नये, असेच माझे मत आहे.

येथे अस्सलपणा म्हणजे गाडीची अवस्था नव्हे. गंजलेली गाडी पूर्णपणे अस्सल असू शकते आणि आरशासारखी चमकणारी गाडी तीन वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे जोडून उभी केलेली असू शकते. आपल्याला एवढेच ठरवायचे आहे की समोरची वस्तू ही विक्रेता सांगतो ती गाडी आहे की नाही.

टप्पा १: दावा नेमका काय आहे, ते लेखी घ्या

‘ओरिजिनल’ हा शब्द या व्यवहारात इतक्या सैलपणे वापरला जातो की त्यावर काहीही तपासता येत नाही. म्हणून विक्रेत्याकडून दावा सुटा करून घ्यावा. इंजिन कारखान्यातून या गाडीतच बसून आले होते काय? गिअरबॉक्स? बॉडी मूळ आहे काय, की तिचे मोठे भाग बदलले आहेत? आजचा रंग मूळ छटेचा आहे काय? गाडी ज्या खास प्रकारची म्हणून विकली जात आहे, त्या प्रकारातच ती कारखान्यातून बाहेर पडली काय, की नंतर तशी केली गेली?

शब्दांचे अर्थही याच वेळी पक्के करावेत. ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे इंजिनासारख्या मुख्य भागांवरचे क्रमांक त्याच गाडीच्या कारखान्यातील नोंदीशी जुळणे. ‘डेट-करेक्ट’ म्हणजे भाग त्या काळाचा आणि त्या प्रकारचा आहे, पण तो याच गाडीचा असेल असे नाही. ‘क्लोन’, ‘ट्रिब्यूट’ आणि ‘रिक्रिएशन’ या उघडपणे सांगून केलेल्या प्रतिकृती आहेत आणि त्यांत गैर काहीच नाही. गैर असते ते त्यांना खास प्रकारची मूळ गाडी म्हणून विकणे. ‘कंटिन्युएशन’ हा आणखी वेगळा वर्ग आहे. जॅग्वारने लाइटवेट ई-टाइपच्या १८ गाड्या योजल्या होत्या, १९६३-६४ मध्ये त्यांतल्या १२च झाल्या आणि उरलेल्या सहा क्रमांकांच्या गाड्या बनवण्याचे काम कंपनीने २०१४ मध्ये हाती घेतले. त्या सहा गाड्या जॅग्वारनेच केलेल्या आहेत, पण १९६३च्या नाहीत.

> इशारा: ‘आमच्या माहितीप्रमाणे’, ‘असे समजते’, ‘आधीच्या मालकाने सांगितले’ अशा शब्दांत आलेले उत्तर हे दाव्याचे उत्तर नसते. तो दावा ‘सिद्ध न झालेला’ म्हणूनच वहीत नोंदवावा.

टप्पा २: अपेक्षित नोंदींचा तक्ता गाडी पाहण्याआधी तयार करा

वाचकांकडून सर्वाधिक वेळा गाळला जाणारा टप्पा हाच आहे. दावा खरा असेल तर गाडीवर कुठे, कोणता क्रमांक, कोणत्या रचनेत आणि कोणत्या तारखेच्या आसपासचा मिळायला हवा, हे त्या मॉडेलचे कारखाना-मार्गदर्शक आणि नोंदणीपुस्तके पाहून आधीच एका तक्त्यात लिहावे. दुसरा रकाना रिकामा ठेवावा. गाडीवर प्रत्यक्ष जे दिसेल ते त्यात भरायचे आहे. विक्रेत्याने पाठवलेले क्रमांक पहिल्या रकान्यात कधीही लिहू नयेत, कारण मग आपण विक्रेत्याच्या माहितीची विक्रेत्याच्याच माहितीशी तुलना करत बसतो.

तक्ता करताना पहिला प्रश्न असा विचारावा: या गाडीचा चॅसी क्रमांक दाव्याबद्दल काही बोलू शकतो काय? आज सर्वत्र दिसणारा सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, अमेरिकेत १९८१च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतात आणि उत्तर अमेरिकी गाड्यांत नववे स्थान पडताळणी-अंकाचे असते. त्याआधी प्रत्येक कारखान्याची रचना स्वतंत्र होती आणि तीही वर्षागणिक बदलत असे. म्हणून साठच्या दशकातील गाडीच्या क्रमांकाला सतरा अक्षरांचा नियम लावणे निरर्थक आहे आणि एका वर्षाचा नियम शेजारच्या वर्षाला लावणे धोक्याचे आहे.

काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल. पाँटियाक जीटीओ १९६४ आणि १९६५ मध्ये अतिरिक्त पॅकेज म्हणून विकली जात होती, त्यामुळे त्या दोन वर्षांचा क्रमांक ती जीटीओ आहे की पाँटियाकचेच साधे ल मॉन्स मॉडेल, हे सांगत नाही. १९६६ ते १९७१ या काळात मात्र जीटीओचा क्रमांक २४२ने सुरू होतो. शेव्हरोले शेव्हेलचे एसएस ३९६ रूप १९६६ ते १९६८ या काळात स्वतंत्र मालिकेत होते आणि त्याचा क्रमांक १३८ने सुरू होई. १९६९ मध्ये ते पुन्हा अतिरिक्त पॅकेज झाले आणि क्रमांक मुका झाला. फोर्ड मस्टँगमध्ये पाचवे अक्षर इंजिनाचे असते, म्हणून १९६५ ते १९६७ या काळातील २८९ हाय-परफॉर्मन्स इंजिनाची गाडी ‘के’ या अक्षरावरून ओळखता येते आणि ते अक्षर नसलेल्या गाडीचा तो दावा तिथेच संपतो. पोर्शा ९११ कॅरेरा आरएस २.७ या १९७३च्या मॉडेलच्या १,५८० गाड्या झाल्या. त्यांचे चॅसी क्रमांक ९११३६० या मालिकेत आहेत आणि इंजिनाचा प्रकार ९११/८३ आहे. मागच्या झाकणाची बदकाच्या शेपटीसारखी कड मात्र कोणत्याही ९११ला बसवता येते, त्यामुळे तिला पुरावा मानू नये.

> तपासणी: तक्त्यातील प्रत्येक ओळीसमोर ‘हे कशावरून कळणार’ असा तिसरा रकाना ठेवा. क्रमांक मुका असेल तर तिथे ‘कारखान्याची विक्री-नोंद’ किंवा ‘बांधणीचा मूळ कागद’ असे लिहा. तो कागद नसेल तर दावा सिद्ध करण्याचे ओझे धातूवर आणि तारखांवर येते आणि ते फार जड असते.

टप्पा ३: कागद तपासा, पण कागद कोणाचा आहे हे विसरू नका

कारखान्याच्या नोंदींवर आधारलेली प्रमाणपत्रे अनेक मार्कांसाठी, म्हणजे गाड्यांच्या ब्रँडांसाठी, मिळतात. जॅग्वार आणि डेमलरसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट, एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन आणि मिनीसाठी गेडनचे ब्रिटिश मोटर म्युझियम, १९६७ आणि त्यापुढच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, पाँटियाकसाठी पीएचएसची (पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कागदपत्रे, तर मर्सिडीजसाठी कारखान्याचे डेटा-कार्ड ही त्यांतली प्रमुख नावे. शक्य तिथे प्रमाणपत्र स्वतः नव्याने मागवावे. विक्रेत्याने दाखवलेली प्रत कितीही जुनी आणि पिवळी असली तरी ती केवळ तुलनेसाठी ठेवावी.

येथे एक गोष्ट अगदी स्पष्ट समजून घेतली पाहिजे. असे प्रमाणपत्र क्रमांकाचे असते, समोर उभ्या असलेल्या गाडीचे नसते. अमुक क्रमांकाची गाडी अमुक दिवशी, अमुक रंगात, अमुक इंजिन क्रमांकासह कारखान्यातून निघाली, एवढेच ते सांगते. तो क्रमांक ज्या पत्र्यावर आज ठोकलेला दिसतो, तो पत्रा त्याच गाडीचा आहे की नाही, हे ते सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. फेरारी क्लासिकेसारख्या मोजक्या विभागांत गाडीची प्रत्यक्ष तपासणी होते, म्हणून त्यांच्या कागदाचे वजन वेगळे. तरीही तपासणीनंतर गाडीत काय बदलले, हे पाहावेच लागते. ‘प्रमाणपत्र आहे’ एवढ्यावर समाधान मानणे ही या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत महागडी चूक आहे.

मालकीची साखळी नंतर मांडावी. पहिल्या मालकापासून आजपर्यंतची नावे, वर्षे आणि नोंदणी क्रमांक एका रेषेवर लिहावेत आणि ज्या वर्षांचा हिशेब लागत नाही ती मोकळी सोडावीत. अशा पोकळ्या प्रत्येक जुन्या गाडीच्या इतिहासात असतात आणि त्यांवरून लगेच संशय घेऊ नये. संशय घ्यावा तो पोकळीच्या अलीकडे आणि पलीकडे गाडीचे वर्णन बदलले असेल तर. पोकळीआधीच्या पावतीत सहा सिलिंडरची, स्वयंचलित गिअरची, हिरवी गाडी असेल आणि पोकळीनंतर तीच मोठ्या इंजिनाची, चार गिअरची, लाल गाडी म्हणून अवतरली असेल, तर प्रश्नाचे उत्तर त्या पोकळीतच आहे. हयात असलेल्या आधीच्या मालकांशी स्वतः बोलावे. जुन्या लिलावांच्या सूचीत आणि जुन्या जाहिरातींत हाच क्रमांक शोधावा. मार्कच्या नोंदणी-क्लबला विचारताना ‘ही गाडी खरी आहे काय’ असे विचारू नये. ‘या क्रमांकावर आणखी कोणी दावा केला आहे काय’ असे विचारावे. एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या अस्तित्वात असणे, विशेषतः शर्यतीच्या गाड्यांत, मुळीच दुर्मीळ नाही. अपघातानंतर सांगाडा एकाकडे आणि बॉडी दुसऱ्याकडे गेली की पुढे दोघेही प्रामाणिकपणे ‘मूळ’ गाडी बांधतात.

कागदाचे वयही पाहावे. कागद उजळ दिसावा म्हणून मिसळली जाणारी चमकद्रव्ये साधारण १९५०च्या सुमारास प्रचारात आली. म्हणून तीसच्या दशकातील म्हणून दाखवलेली पावती अतिनील दिव्याखाली निळसर उजळली, तर ती पावती बाजूला ठेवावी. टाचणीचा गंज कागदात उतरलेला आहे काय आणि घडीवर शाई तुटली आहे की घडी घातल्यावर शाईने लिहिले आहे, हेही पाहावे.

> तपासणी: चोरीच्या गाड्यांची नोंद आणि थकीत कर्जाचा बोजा या दोन्ही गोष्टी याच टप्प्यात, संबंधित देशाच्या अधिकृत यंत्रणेकडून तपासून घ्या. चोरीची निघालेली गाडी दशकांनंतरही जप्त होऊ शकते.

टप्पा ४: पाहणीची तयारी

पाहणी दिवसाउजेडी, कोरड्या जागी आणि गाडी उचलून खालून पाहता येईल अशा ठिकाणी ठरवावी. सोबत विजेरी, लहान आरसा, भिंग, रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र, मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, अरुंद जागी शिरणारा बोरस्कोप कॅमेरा, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घ्यावी. तेलकट थर काढण्यासाठी मऊ ब्रश आणि थोडे रॉकेल पुरते. मालकाची परवानगी आधी लेखी घ्यावी आणि आपण काय उघडणार आहोत ते सांगावे.

> इशारा: क्रमांकाच्या जागेवर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर किंवा खरवडणी कदापि लावू नका. मूळ पृष्ठभागावरच्या बारीक रेषा हाच सर्वांत मोठा पुरावा असतो आणि तो एका मिनिटात नाहीसा होतो.

टप्पा ५: चॅसी क्रमांक आणि त्याखालचा धातू

क्रमांक वाचण्याआधी तो ज्यावर आहे ती वस्तू पाहावी. रिव्हेटने बसवलेली पाटी ही सुटी वस्तू आहे. ती गाडीवरून गाडीवर जाऊ शकते आणि नव्या कोऱ्या पाट्याही सहज बनवून मिळतात. म्हणून पाटीवरचा क्रमांक बरोबर असणे ही केवळ सुरुवात आहे. पाटीच्या कडेने रंग कसा थांबला आहे, रिव्हेटचे डोके कारखान्यात वापरलेल्या प्रकाराचेच आहे काय, आणि मागच्या बाजूने बोरस्कोप घातल्यावर रिव्हेटची शेपटी जुनी, धूळ बसलेली दिसते की लखलखीत, हे पाहावे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत साठच्या दशकाच्या मध्यापासून फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याचे रिव्हेट वापरले गेले. त्या काळातील पाटीवर साधे गोल रिव्हेट असतील तर पाटी केव्हातरी निघाली आहे. उलट अर्थ मात्र लागत नाही, कारण पाकळ्यांचे रिव्हेटही आज विकत मिळतात. मी पाहिलेल्या एका गाडीत पाटी अस्सल होती, रिव्हेटही योग्य होते, पण रिव्हेटभोवतीचा रंग बारीक कंगोऱ्यासारखा तुटलेला होता आणि त्या तुटीतून खाली दुसऱ्याच रंगाचा थर दिसत होता. पाटी त्या पत्र्यावर रंगानंतर आली होती. पुढचा व्यवहार तिथेच थांबवला.

नंतर थेट धातूत ठोकलेला क्रमांक शोधावा. बहुतेक मार्कांत तो पाटीखेरीज आणखी एकदोन ठिकाणी असतो आणि त्यांतली एखादी जागा सहजासहजी दिसत नाही. त्या लपलेल्या जागेचा पत्ता टप्पा २ मध्येच मिळवून ठेवलेला असला पाहिजे. विजेरी जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरून तिरप्या प्रकाशात पाहिल्यास अक्षरांची खोली, भोवतालचा उंचवटा आणि घासल्याचा खळगा उमटून दिसतो. पातळ कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावी. छायाचित्रात न दिसणारा तिरकेपणा छापेत पकडता येतो. अक्षरांचा घाट त्याच कारखान्याच्या, त्याच काळातील खात्रीच्या गाड्यांच्या छायाचित्रांशी एकेक अक्षर ताडून पाहावा. अनेक कारखान्यांत कामगार हातोडी आणि सुट्या ठशांनी क्रमांक ठोकत, त्यामुळे ओळ थोडी वाकडी असणे स्वाभाविक आहे आणि अशा गाडीवर यंत्राने कोरल्यासारखी सरळ ओळ दिसली तरच थबकावे.

क्रमांकाभोवतीचा पत्रा तुकडा कापून बसवलेला तर नाही, हे मागून आणि कडेने पाहावे. त्या जागेभोवती रंगाची जाडी आजूबाजूच्या भागापेक्षा अचानक वाढलेली असेल, किंवा मागच्या बाजूला वेल्डिंगची सलग रेघ घासून काळा लेप मारलेला असेल, तर कारण विचारावेच. काही गाड्यांत रचनाच अशी आहे की क्रमांक बदली होणाऱ्या भागावर असतो. जॅग्वार ई-टाइपमध्ये चॅसी क्रमांक बॉडीला बोल्टने जोडलेल्या पुढच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो, तर बॉडीचा क्रमांक वेगळा असतो. म्हणून तिथे दोन्ही क्रमांक हेरिटेज प्रमाणपत्राशी जुळले, तरच सांगाडा आणि बॉडी एकत्र निघाली होती असे म्हणता येते.

घासून टाकलेला क्रमांक कधीकधी परत वाचता येतो, कारण ठोकताना धातूचा खालचा थरही दाबला जातो आणि तो आम्लाला वेगळा प्रतिसाद देतो. चुंबकीय-प्रकाशीय तपासणीने हेच काम धातूला इजा न करता होते, मात्र ती पद्धत लोखंडी भागांवरच चालते. हे प्रयोग स्वतः करू नयेत. तज्ज्ञाकडून आणि मालकाच्या लेखी संमतीनेच करून घ्यावेत.

> इशारा: ओळख क्रमांक बदलणे किंवा पुसणे हा बहुतेक देशांत गुन्हा आहे. ‘घेतल्यावर नवीन पाटी लावून घ्या’ असे विक्रेता म्हणाला, तर व्यवहार तिथेच संपवा.

टप्पा ६: इंजिनाची जागा, जिथे सर्वाधिक लबाडी होते

इंजिनावर दोन जातींचे क्रमांक असतात आणि त्यांची गल्लत फार होते. ओतीव क्रमांक ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, ओततानाच साच्यातून उमटतो, म्हणून तो उठावदार असतो. तो केवळ ब्लॉकचा प्रकार सांगतो आणि तसे हजारो ब्लॉक असतात. ठोकलेला क्रमांक खोलगट असतो आणि ‘हे इंजिन कोणत्या गाडीचे’ हे त्यावरून ठरते. ‘नंबर जुळतो’ असे विक्रेता म्हणाला, तर दोहोंपैकी कोणता, हे विचारावे.

१९६९ची शेव्हरोले कॅमॅरो झी/२८ हे उदाहरण सविस्तर घेण्यासारखे आहे, कारण तिचा गाडी क्रमांक १२४३७ने सुरू होतो आणि तो फक्त आठ सिलिंडरची कूपे एवढेच सांगतो. झी/२८ हे नाव क्रमांकात कुठेच येत नाही. म्हणून सर्व भिस्त इंजिनावर येते. या छोट्या व्ही-आठ इंजिनाची क्रमांकाची सपाट जागा ब्लॉकच्या पुढच्या टोकाला, उजव्या सिलिंडर-हेडच्या अगदी पुढे आहे. तिथे इंजिन-कारखान्याची ओळ असते: फ्लिंटसाठी ‘व्ही’, मग महिना आणि दिवस, शेवटी ३०२ घनइंची इंजिनाची खूण ‘डीझेड’. शेजारी गाडी-कारखान्याने ठोकलेली दुसरी ओळ असते, ती म्हणजे गाडी क्रमांकाचा संक्षेप; नॉरवुडच्या कारखान्यात बांधलेल्या गाडीत ती १९एन५ अशी सुरू होते. या दोन ओळी वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठशांनी ठोकलेल्या असतात. त्यामुळे त्यांची खोली आणि अक्षरांचा घाट किंचित वेगळा असणे अपेक्षितच आहे. दोन्ही ओळी एका हाताने, एका बैठकीत केल्यासारख्या एकजिनसी दिसल्या, तर त्या बहुधा तशाच केल्या गेल्या आहेत.

आता अक्षरे सोडून त्यांच्या मागचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा. कारखान्यात ही जागा आणि हेड बसण्याची सपाटी एकाच वेळी ब्रोच यंत्राने, म्हणजे सरळ रेषेत धातू कापणाऱ्या यंत्राने, कापली जात असे, म्हणून मूळ पृष्ठभागावर इंजिनाच्या पुढून मागे जाणाऱ्या, केसाएवढ्या समांतर रेषा दिसतात. नंतर साध्या मिलिंग यंत्रावर घासलेल्या जागेवर वक्र, चक्राकार रेषा येतात. पॉलिश पेपरने रेषा ओढून नक्कल करणारेही आहेत, पण त्यांच्या रेषा ठोकलेल्या अक्षराच्या खळग्याच्या कडेवरून अडखळत जातात. मूळ क्रमाने आधी रेषा आणि मग ठसा, त्यामुळे अस्सल जागी ठसा रेषांना दाबून गेलेला दिसतो.

न्यायाची बाजूही मांडली पाहिजे. इंजिन उघडून हेडची सपाटी पुन्हा यंत्रावर घेतली, तर ही जागा त्याच पातळीत असल्यामुळे क्रमांक आपोआप कापला जातो. अशा गाडीचे इंजिन मूळ असूनही त्याचा पुरावा गेलेला असतो. हमीच्या काळात कंपनीने बदलून दिलेल्या ब्लॉकवर ‘सीई’ने सुरू होणारा ठसा असतो, तोही प्रामाणिक ब्लॉक आहे, मात्र मॅचिंग नंबर्स नव्हे. कोरी जागा आणि ‘सीई’ ठसा या दोन्हींना मी नव्याने ठोकलेल्या ‘बरोबर’ क्रमांकापेक्षा कितीतरी अधिक मान देतो.

> तपासणी: क्रमांकाच्या जागेचे छायाचित्र तिरप्या प्रकाशात दोन दिशांनी घ्या आणि त्याच दिवशी त्या मॉडेलच्या दोन स्वतंत्र जाणकारांना पाठवा. गाडीची किंमत आणि विक्रेता कोण, हे त्यांना सांगू नका.

टप्पा ७: तारखांची शिडी

क्रमांक बनवता येतो, पण गाडीभर विखुरलेल्या तारखा एकमेकींशी जुळवत बसणे लबाडी करणाऱ्याला फार कठीण जाते. म्हणून हा टप्पा सगळ्यांत निर्णायक ठरतो. नियम साधा आहे: भाग आधी ओतला जातो, मग इंजिन जुळते, मग गाडी बांधली जाते. या क्रमाला छेद देणारी एकही तारीख चालत नाही.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. जनरल मोटर्सच्या ओतीव तारखेत पहिले अक्षर महिन्याचे असते, ए म्हणजे जानेवारी. मग दिवस आणि शेवटी वर्षाचा एकच अंक. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च आणि ९ने संपणारे वर्ष. इंजिनाची ठोकलेली तारीख त्यानंतरची, समजा ०३२८, म्हणजे २८ मार्च, आणि बॉडीच्या पाटीवर ‘०४बी’, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. ही शिडी नीट चढते. आता ब्लॉकवर ‘एफ १४ ९’ असते तर १४ जूनला ओतलेला ब्लॉक एप्रिलमध्ये बांधलेल्या गाडीत बसला असे मानावे लागले असते. असे इंजिन नंतर आलेले आहे, मग ठोकलेला क्रमांक काहीही म्हणो.

वर्षाच्या एकेरी अंकातही सापळा आहे. १९६९च्या झी/२८मध्ये सापडणारा ३९७००१० या ओतीव क्रमांकाचा ब्लॉक सत्तरच्या दशकातही चालू होता. म्हणून ‘९’ हा अंक १९६९चा असेल किंवा १९७९चा. उत्सुक खरेदीदार तो १९६९च वाचतो. अशा वेळी इतर ओतीव खुणा आणि सिलिंडर-हेड, इनटेक मॅनिफोल्ड, गिअरबॉक्स यांच्या तारखा सोबत वाचाव्यात.

भाग ओतल्यापासून गाडी तयार होईपर्यंत काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंतचे अंतर स्वाभाविक असते. सगळे भाग नेमक्या एकाच आठवड्याचे असतील, तर ते कोणीतरी यादी घेऊन बाजारातून गोळा केले असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. जनित्र, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर, काचा, चाके आणि सीटबेल्टची चिठ्ठी यांवरही अनेकदा तारखा असतात. हे भाग झिजतात, फुटतात, बदलतात. त्यामुळे त्यांतला एखादा न जुळणे क्षम्य आहे. पण गाडीच्या बांधणीच्या तारखेनंतरच्या काचा चारही बाजूंना असतील, तर मोठ्या अपघाताची किंवा दुसऱ्या बॉडीची शंका घ्यावी.

टप्पा ८: पत्रा, जोड आणि रंग

कारखान्यातील स्पॉट वेल्ड लहान गोल खळग्यांच्या, ठरावीक अंतराच्या रांगेत असतात. नंतर बदललेल्या पत्र्यावर भोक भरून केलेले उंच ठिपके किंवा सलग वेल्डिंग दिसते. डिकीचा तळ, दाराचा उंबरा आणि बोनेटखालच्या कडा येथे हे सहज वाचता येते. लोहचुंबक न चिकटणारी जागा पुट्टीची किंवा फायबरची असते, अर्थात बॉडी अॅल्युमिनियमची नसेल तर. रंगाच्या जाडीचे आकडे संपूर्ण गाडीवर, ठरावीक अंतरावर घेऊन कागदावर काढलेल्या आकृतीत भरावेत. एखाद्या ठिकाणचा आकडा काही सांगत नाही, त्याच्या शेजाऱ्याशी असलेला फरक सांगतो.

मूळ रंगछटा शोधताना बाहेरचा रंग पाहूच नये. डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या आतल्या अस्तराखाली आणि गालिच्याखाली पाहावे, कारण पुन्हा रंगवणारा तिथे सहसा पोहोचत नाही. तिथली छटा पाटीवरच्या रंग-कोडशी जुळली, तर पाटी आणि बॉडी एकाच गाडीच्या असल्याला चांगले बळ मिळते. खास प्रकारच्या गाडीत कारखान्याने केलेली भोके आणि कंस असतात, तसेच साध्या गाडीत असलेल्या पण खास गाडीत नसायला हव्यात अशा खुणाही असतात. बुजवलेली भोके शोधावीत. गिअरचा दांडा जमिनीवर नेण्यासाठी नंतर कापलेली खाच खालून पाहिली की बहुधा लगेच कळते.

टप्पा ९: निकाल आणि कराराची भाषा

तक्त्याचा दुसरा रकाना आता भरला आहे. प्रत्येक ओळीला ‘सिद्ध’, ‘विरोधी’ किंवा ‘पुरावा नाही’ यांपैकी एकच शेरा द्यावा. ‘पुरावा नाही’ला ‘सिद्ध’मध्ये ढकलण्याचा मोह याच क्षणी होतो, कारण तोवर गाडी आवडलेली असते आणि वेळही खर्च झालेला असतो. चॅसी क्रमांक किंवा तारखांची शिडी यांत एकही ‘विरोधी’ शेरा असेल, तर इतर वीस ‘सिद्ध’ शेऱ्यांनी तो भरून निघत नाही. ‘पुरावा नाही’ असलेल्या ओळींसाठी मात्र किंमत ठरवता येते: त्या गोष्टी नाहीतच असे समजून जी किंमत आपण देऊ, तेवढीच द्यावी.

शेवटी कराराचे शब्द. ‘अस्सल’ आणि ‘मूळ’ हे शब्द न्यायालयात एकच अर्थ देत नाहीत. ल मॉन्सची शर्यत १९२९ आणि १९३० मध्ये जिंकलेल्या बेंटली स्पीड सिक्सवरून, जिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणतात, १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात खटला झाला. एक कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर गाडी खरी नसल्याचे कारण देऊन खरेदीदाराने पैसे देण्यास नकार दिला होता. तिचे बहुतेक भाग काळाच्या ओघात बदललेले होते, तरी तिचा इतिहास अखंड होता आणि त्या नावावर दुसऱ्या कोणत्याही गाडीचा हक्क नव्हता. तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणणे योग्य आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. म्हणून करारात ‘ओरिजिनल गाडी’ असे मोघम लिहू नये. चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक, बॉडी क्रमांक, ओतीव तारखा आणि टप्पा १ मध्ये सुटा केलेला प्रत्येक दावा वेगळ्या ओळीत लिहावा, त्यासमोर ‘विक्रेता याची हमी देतो’ किंवा ‘हमी देत नाही’ असे नोंदवावे, त्यांपैकी हमी दिलेली एखादी ओळ खोटी ठरल्यास पैसे किती मुदतीत परत मिळतील ते लिहावे, आणि आपण घेतलेली छायाचित्रे व पेन्सिलच्या छापा दोघांच्या सहीने कराराला जोडाव्यात.